खाडाखोड नसलेली वही

"मॅडम, सुट्टीत रोज किती तास बसवू याला?"

उन्हाळ्याची सुट्टी लागली की हा प्रश्न येतोच. या वेळी विचारणाऱ्या आईंसोबत सातवी संपवलेला मुलगा होता. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) शाळेत गणितात पैकीच्या पैकी, पण गणित स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत बाहेर. म्हणून वेळापत्रक आखलेलं: सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन, रोज तीस गणितं, शिवाय आठवी-नववीची पुस्तकं. दहा दिवस झाले होते आणि सकाळी वही उघडली की मुलाचं पोट दुखायचं. डॉक्टरांच्या तपासणीत काही निघालं नव्हतं.

मी वही मागितली. इतकी नेटकी वही बघून मला तरी धास्तीच वाटते. पानंच्या पानं बरोबर, एकही खाडाखोड नाही. आईंना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. मुलगा खालमानेनंच म्हणाला, "मागे उत्तरं आहेत. ती बघतो आणि उलटं लिहीत येतो."

मला त्याचा राग आला नाही. चार तासांत तीस म्हणजे एका गणिताला आठ मिनिटं. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडमध्ये दोन दिवस रोज साडेचार तास देतात आणि गणितं असतात एकूण सहा. म्हणजे एकेका गणिताला दीड तास. तिथवर पोचलेली मुलंसुद्धा त्यातली सगळी सोडवतातच असं नाही. आठ मिनिटांत सुटतं ते बहुधा आधीच येत असलेलं गणित. आणि पुढच्या इयत्तांची पुस्तकं कशाला? त्या ऑलिम्पियाडलाही कलन (कॅल्क्युलस) लागत नाही. लागतात ते संख्यांचे गुणधर्म, बीजगणित, भूमिती आणि एखादी गोष्ट किती प्रकारे घडू शकते ते मोजणं. यातलं पहिलं आणि शेवटचं शाळेत जेमतेम होतं.

हे सगळं आईंना सांगितलं, पण सल्ला देताना मीच कचरले. त्यांना एकदम धक्का नको म्हणून तीसची पाच गणितं केली आणि प्रत्येकाला वीस मिनिटांचा टायमर लावायला सांगितलं. आठवड्याने पोटदुखी होती तशीच. मुलगा आता गणिताऐवजी टायमरकडे बघत बसायचा. चूक माझी होती.

मग टायमर काढला. उत्तरांची पानं आईंच्या कपाटात गेली, खोडरबरही. एका वेळी एकच गणित, सुटेपर्यंत तेच. बसायचं जास्तीत जास्त पाऊण तास, नंतर उठून खेळायला. जे सुचेल ते लिहायचं, चुकलं तर एक रेघ मारून पुढे जायचं. आणि आईंनीही तेच गणित सोडवून बघायचं, ही अट त्यांना फारशी आवडली नाही.

पहिलं गणित मी दिलं, जुनंच आहे: बुद्धिबळाच्या पटाचे तिरके समोरासमोरचे (एकाच कर्णावरचे) दोन कोपरे कापले. उरलेल्या 62 घरांवर दोन-दोन घरं झाकणारे 31 ठोकळे बसतील का? आई लगेच म्हणाल्या, "एकतीस दुणे बासष्ट. बसतीलच की!"

मुलाने पुठ्ठ्याचे ठोकळे कापले. दोन दिवस बसेनात. तिसऱ्या दिवशी त्याने आपणहून लहान पट घेतला, चार बाय चारचा. तिथेही बसेनात. मग दोन बाय दोनचा. तिथे तर उघडच दिसतं. चौथ्या दिवशीच्या पानावर खूप रेघोट्यांच्या मध्ये एक वाक्य होतं: "उरलेली दोन घरं दर वेळी पांढरीच का?" कापलेले दोन्ही कोपरे काळे. राहिली काळी 30 आणि पांढरी 32. ठोकळा मात्र दर वेळी एक काळं आणि एक पांढरं घर झाकतो. हे त्याने आईंना समजावलं, आईंनी मला फोनवर.

त्याच फोनवर त्यांनी विचारलं, "पण स्पर्धेत चार दिवस कोण देणार?" शंका रास्त होती. पहिल्या फेऱ्या बऱ्याचदा पर्यायी उत्तरांच्या आणि घाईच्याच असतात. त्यासाठी सुट्टीचे शेवटचे तीन आठवडे ठेवले. आठवड्याला एकच जुनी प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून. दुसऱ्या दिवशी गुणांची चर्चा नाही, फक्त चुकलेली गणितं पुन्हा, वेळ न लावता. बाकी दिवस एका गणिताचेच. पोटदुखी कधी थांबली ते कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

स्पर्धेत त्या वर्षीही तो पहिल्या फेरीपुढे गेला नाही, थोडक्यात हुकला. आई एकट्याच भेटायला आल्या. मी जरा सावध होते. त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. पेपरातलं एक भूमितीचं गणित, भोवती दोघांची अक्षरं आणि भरपूर काट.

"तीन दिवस झाले," त्या म्हणाल्या. "मला उत्तर बघायचंय, तर हा कपाटाची किल्ली घेऊन बसलाय."