भिंती रंगवून बेघर पोरांचं खरंच काही भलं होतं का?

होतं, पण नुसत्या रंगाने नाही. आधी बघायचं की पोरांच्या हातात ब्रश दिलाय की फक्त त्यांचे उदास चेहरे भिंतीवर काढलेत, दुसरं असेल तर ते फोटोपुरतंच.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराचं बघा, १९८४ मध्ये तिथे ग्राफिटी (भिंतींवर परवानगीशिवाय केलेलं लिखाण-चित्रं) थांबवायची मोहीम निघाली आणि जेन गोल्डन या चित्रकार बाईंनी ग्राफिटी करणाऱ्या पोरांनाच म्युरलच्या, म्हणजे मोठ्या भित्तिचित्रांच्या, कामाला लावलं, आज शहरात ४००० च्या आसपास म्युरल झालीत. त्यांच्याच गिल्ड नावाच्या कार्यक्रमात तुरुंगातून सुटलेल्या, प्रोबेशनवरच्या (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली ठेवलेल्या) तरुणांना पैसे देऊन काम शिकवतात. पैसे देऊन, हे महत्त्वाचं! रात्री कुठे झोपायचं याची चिंता असलेला पोरगा फुकट वर्कशॉपला किती दिवस येणार.

आणि एक भारी गोष्ट म्हणजे सगळं काही परांचीवर चढून करत नाहीत, पातळ कापडाच्या साधारण ५ बाय ५ फुटांच्या तुकड्यांवर आत बसून रंगवतात, नंतर ते तुकडे चिकट जेल (गोंदासारखा लेप) लावून भिंतीवर चिकटवतात, त्यामुळे शेल्टरमधला किंवा अगदी तुरुंगातला माणूसही आपला तुकडा रंगवू शकतो. घर मात्र म्युरलने मिळत नाही, त्यासाठी शेल्टर, समुपदेशन, नोकरी हे सोबत जोडावंच लागतं.