ताईंना विचारा : ‘लहान मुलांचा कसला आलाय अभ्यास?’

प्रश्न : ताई नमस्कार, मी वाळवा तालुक्यातली, बीए थर्ड इयर, सोशिऑलॉजी. डिसेंबरात कॉलेजचा एनएसएसचा सात दिवसांचा कॅम्प होता, तेव्हा ऊसतोड टोळीचा सर्व्हे करायला गेलो. एका कोपीसमोर (ऊसतोड मजुरांची झोपडी) दहा-अकरा वर्षांची पोरगी काखेत धाकट्याला घेऊन उभी होती. मी विचारलं शाळेत जातेस का, तर मुकादम म्हणला जाते जाते, तिची आई म्हणली गावाकडं नाव हाय, आमचे सर म्हणले ‘अनियमित’ लिहा, आणि मी लिहिलं पण. ती काहीच बोलली नाही. तेव्हापासून डोक्यात बसलंय की मुलांच्या हक्कांवरच पुढं शिकायचं. पप्पा म्हणतात, लहान मुलांचा कसला आलाय अभ्यास, बीएड कर नि मोकळी हो. काय करू?

उत्तर : अगं, तू फॉर्मवर जे ‘अनियमित’ लिहिलंस ना, तिथनंच हा विषय सुरू होतो, बालपण नि बालहक्कांचा अभ्यास, इंग्रजीत ‘चाइल्डहुड स्टडीज’. पोरगी समोर उभी, तिच्याबद्दल तिघं बोलले आणि तिचं तोंड काही उघडलं नाही. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९ चा, भारतानं तो १९९२ मध्ये मान्य केला, त्याचं १२ वं कलम याच्यावरच आहे, की मुलाशी संबंधित गोष्टीत त्याचं मत विचारायचं आणि वय-समज बघून त्याला वजन द्यायचं. आपल्याकडं मोठी माणसं बोलताना पोरानं मध्ये तोंड घातलं की काय ऐकायला लागतं ते तुला सांगायला नको.

पप्पांना वाटतंय की हे बालवाडीच्या बाईंचं शिक्षण आहे. तसं नाही. बीएडमध्ये मुलांना शिकवायचं कसं ते शिकतात, इथं ‘मूल’ म्हणजे कोण हे ठरवतं कोण, हाच प्रश्न असतो. फिलिप एरिएस या फ्रेंच इतिहासकारानं १९६० मध्ये मांडलं की बालपणाची आपली कल्पना काही कायम अशीच नव्हती, ती काळानुसार घडत गेली, त्यावर अजून वाद चालू आहेत. लांब कशाला जायचं, आपल्या कायद्यातच बघ. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयापर्यंतच, बालहक्क करारात १८ पर्यंत मूल, लग्नाला मुलगी १८ ची नि मुलगा २१ चा. मग उसाच्या फडावरची पंधरा वर्षांची पोरगी कोण? तिचं लग्न लावून दिलं की नवरा-बायकोचा एक कोयता होतो, म्हणजे तोडणीची एक जोडी, आणि जोडीवर मुकादमाकडनं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, मिळते. हे गणित समजून घ्यायला समाजशास्त्र, कायदा, अर्थकारण सगळंच लागतं.

आणि हे सगळं काय नुसतं बाहेरून आलेलं नाही. एग्लंटाइन जेब या ब्रिटिश बाईंनी लिहिलेला बालहक्कांचा जाहीरनामा राष्ट्रसंघानं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेनं, १९२४ मध्ये जिनिव्हात स्वीकारला, त्याच वर्षी साताऱ्यात भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींच्या पोरांसाठी बोर्डिंग काढलं. जिनिव्हात ठराव, इथं पोरं एका पंगतीत. माझ्या मते दुसरं काम जास्त अवघड होतं, पण ते जाऊ दे.

आता कामाचं. ‘चाइल्डहुड स्टडीज’ नावाची डिग्री ब्रिटनमध्ये आहे, खर्च मात्र झेपेल का बघ. इथं सरळ रस्ता म्हणजे एमएसडब्ल्यू, समाजकार्यातली मास्टर्स, दोन वर्षं, कुठल्याही शाखेचं ग्रॅज्युएशन चालतं, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था आहे, मुंबईत टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) आहे, तिथं एंट्रन्स द्यावी लागते. नोकरीचं खरं सांगते, जिल्हा बाल संरक्षण कक्षातली बरीच पदं कंत्राटी असतात, पगार बेताचा, फिरणं फार. बालकल्याण समितीत बसायचं तर मुलांच्या कामाचा सात वर्षांचा अनुभव मागतात, म्हणजे घाई उपयोगाची नाही. पप्पांना हेही सांग, नुसती गोड बाजू सांगशील तर पहिल्या पगारालाच पकडतील.

ॲडमिशनच्या आधी एक कर. पट्टा पडायच्या आत, म्हणजे तोडणीचा हंगाम संपायच्या आत, त्या टोळीवर परत जा, फॉर्म न घेता. आईला विचार, मग पोरीलाही विचार की तुझ्याशी बोलू का, ती नाही म्हणली तर निघून ये. फोटो काढू नको, वहीत नाव लिहू नको. मुलांवर संशोधन करताना आईबापाची परवानगी वेगळी नि मुलाचा होकार वेगळा, हे सुरुवातीलाच शिकायचं असतं. आणि धाकट्याला जरा तू घे, तिची काख मोकळी झाल्याशिवाय ती काय बोलणार?

प्रश्न : भाचा १५ वर्षांचा, दहावीत आहे, कापड दुकानात कामाला जातो म्हणून हट्ट धरून बसलाय. कायद्यानं चालतं का? – एक मामा, कोरेगाव

उत्तर : मामा, १४ ते १८ वयात धोक्याचं नसलेलं काम चालतं, पण विश्रांती धरून दिवसाला सहा तासांच्या वर नाही, संध्याकाळी ७ ते सकाळी ८ बिलकुल नाही, आठवड्याला सुट्टी. दिवाळीत दुकान दहापर्यंत उघडं असतं, मालकाशी आधी बोलून घ्या. हट्ट का धरलाय ते मात्र त्यालाच विचारा, पत्रात कुठं ते आलेलं नाही. फीचा प्रश्न असेल, गणित असेल, नाहीतर शाळेत कुणी त्रास देत असेल. शाळा सुटलीच तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते, फक्त तारीख चुकवू नका.