गाडीतल्या नेटचे पैसे भरायचे की सोडून द्यायचे?

या महिन्यात एकाच विषयावरची पत्रं इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकाला ठेवलेत. तीनेक वर्षांपूर्वी इलेक्ट्रिक गाडी घेतलेल्यांना सुरुवातीचं फुकट नेट संपत आल्याचे मेसेज येताहेत आणि शोरूममध्ये याबद्दल कुणी धड बोललेलं नसतं. त्यामुळे जरा सविस्तरच लिहितोय.

प्रश्न: तीन वर्षांपूर्वी इलेक्ट्रिक एसयूव्ही घेतली. सेल्सवाला तेव्हा म्हणाला होता की सगळं ॲपवर दिसेल, वेगळा खर्च काही नाही. आता मेसेज आलाय, कनेक्टेड सर्व्हिसची मुदत संपतेय, एक वर्षाचं किंवा तीन वर्षांचं पॅक घ्या. नाही भरले तर गाडी बंद पडेल का, चार्जिंग होईल ना? मिसेसचं म्हणणं, फोनमध्ये नेट आहे मग गाडीला वेगळं कशाला. — एक वाचक, चिंचवड

उत्तर: आधी काळजी मिटवतो. गाडी चालणार, चार्ज होणार, किल्लीने उघडणार, एसी, रिजन (वेग कमी करताना बॅटरी थोडी भरली जाते ते) सगळं जसंच्या तसं. घरच्या चार्जरला गाडीच्या नेटशी काही देणंघेणं नाही. बाहेरच्या चार्जरवर नेट लागतं, पण ते तुमच्या फोनचं लागतं, कारण क्यूआर स्कॅन करायचा, वॉलेटमध्ये पैसे टाकायचे, स्टार्ट दाबायचं हे सगळं चार्जिंगवाल्याच्या ॲपवर होतं आणि तिथे गाडीतल्या सिमचा काही संबंध येत नाही.

आता वहिनींचं म्हणणं. ते अर्धं अगदी बरोबर आहे.

गाडीतलं नेट दोन वेगळी कामं करतं आणि कंपन्या ती एकाच पॅकमध्ये बांधून विकतात म्हणून गोंधळ होतो. पहिलं काम तुम्ही गाडीत बसलेले असतानाचं, म्हणजे गाणी, मॅप, हवामान, बोलून कमांड द्यायची वगैरे. हे फोन सहज करतो. अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले लावलं की मॅप आणि गाणी फोनच्याच डेटावर चालतात, गाडीचा स्क्रीन फक्त दाखवायचं काम करतो. यासाठी वेगळे पैसे भरू नका असं मी सरळ सांगेन. एक कमी राहते ती अशी की फोनच्या मॅपला गाडीची बॅटरी किती उरलीय ते सहसा कळत नाही, त्यामुळे लांबच्या प्रवासात कुठे चार्ज करायचं याचा हिशेब आपला आपणच करायचा.

दुसरं काम तुम्ही गाडीत नसतानाचं. तुम्ही चौथ्या मजल्यावर आहात, गाडी खाली चार्जिंगला लावलीय, ॲपमध्ये बघता ७२ टक्के झालीय, किंवा निघायच्या दहा मिनिटं आधी एसी चालू करता. तो निरोप तुमच्या फोनवरून कंपनीच्या सर्व्हरला जातो आणि तिथून गाडीतल्या सिमला. इथे तुमचा हॉटस्पॉट उपयोगाचा नाही कारण फोन तुमच्या खिशात आणि गाडी खाली. गाडी कुठेय ते दिसणं, दार लॉक राहिलं का ते बघणं, कुणी गाडी हलवली तर अलर्ट येणं हे सगळं याच सिमवर चालतं, आणि पैसे मागतायत ते खरं तर याचे.

तर भरायचे का? ॲप उघडा आणि गेल्या महिन्यात कुठली बटणं खरोखर दाबलीत ते आठवा. मे महिन्यात उन्हात उभी राहणारी गाडी असेल, ऑफिसमधून निघताना आधी एसी लावायची सवय असेल, तर मी भरेन. आणि घरी प्लग लावलेला असतानाच गाडी थंड करून घेतली तर ते काम बऱ्यापैकी भिंतीतल्या विजेवर होतं, बॅटरी रस्त्यासाठी शिल्लक राहते, हा इलेक्ट्रिकवाल्यांचा खास फायदा आहे आणि बरेच लोक तो वापरतच नाहीत. गाडी ड्रायव्हर चालवतो, किंवा मुलगा नुकताच शिकलाय आणि कॉलेजला नेतो, तरीही भरा.

पण त्याआधी एक गोष्ट तपासाच. सोसायटीचं पार्किंग बेसमेंटला असेल तर घरात बसून ॲप रिफ्रेश करून बघा. बऱ्याच ठिकाणी तिथे काल संध्याकाळची वेळ आणि कालचेच टक्के दिसत राहतात, कारण तळघरात रेंजच नसते आणि गाडीचा शेवटचा निरोप गेटमधून आत शिरतानाचा असतो. रात्रभर गाडी जिथे उभी असते तिथेच सर्व्हिस पोचत नसेल तर वर्षाचे पैसे कशाचे देताय? गाडी बरेच दिवस उभी राहिली तरी असं होऊ शकतं, सिमवालं युनिट छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं आणि ती उतरू नये म्हणून काही गाड्यांमध्ये ते झोपी जातं. ते बिघाड समजू नका.

तीन वर्षांचं पॅक स्वस्त दिसतं, पण मी एका वर्षाचंच घ्या म्हणेन. निसान लीफचं उदाहरण सांगतो, जगात मोठ्या प्रमाणावर विकल्या गेलेल्या सुरुवातीच्या इलेक्ट्रिक गाड्यांपैकी एक. अमेरिकेतल्या जुन्या लीफमध्ये टू-जी मोडेम होता. एटी अँड टी या तिथल्या मोबाइल कंपनीने २०१६ संपताना टू-जी बंद केलं, ॲपवरून चार्ज बघणं, आधी एसी लावणं गेलं. मग १९९ डॉलरला थ्री-जीचं युनिट बसवून मिळायला लागलं, लोकांनी बसवलं, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये एटी अँड टीने थ्री-जीही बंद केलं. ब्रिटनमध्ये जुन्या लीफचं ॲप मार्च २०२४ अखेर बंद झालं. गाड्या चालत होत्या, चार्ज होत होत्या, गाडीच्या स्क्रीनवरून टायमर लावता येत होता, फक्त फोनवरून काही करता येईना. गाडी पंधरा वर्षं टिकते पण तिच्यातलं नेटवर्क तेवढं टिकेल याची खात्री कुणी देत नाही, म्हणून पैसे आगाऊ अडकवू नयेत.

पैसे भरायच्या आधी कंपनीला ईमेलवर तीन गोष्टी विचारा, फोनवर नको, लेखी हवंय. एसओएसचं, म्हणजे अडचणीत मदत मागायचं बटण याच पॅकवर चालतं का. सॉफ्टवेअर अपडेट पॅक संपल्यावर घरच्या वायफायवर किंवा सर्व्हिस सेंटरला मिळेल का. आणि मधे एक वर्ष सोडून परत चालू केलं तर जादा पैसे लागतात का. एसओएसचं उत्तर "पॅकवरच" असं आलं तर घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा की अडचणीत फोनवरून ११२ लावायचा, गाडीच्या बटणाच्या भरवशावर राहायचं नाही. आणि हो, सांगितलेली किंमत जीएसटी धरून आहे का विचारा. इलेक्ट्रिक गाडीवर ५ टक्के जीएसटी असतो म्हणून सबस्क्रिप्शनवरही तेवढाच असेल असं लोकांना वाटतं, तिथे १८ टक्के लागतो.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो, टेस्लाची नवी मॉडेल वाय आहे. प्रीमियम कनेक्टिव्हिटीचा ट्रायल संपला, आता महिन्याला ९.९९ डॉलर. हे म्हणतात भरून टाक, मला वाटतं फोनचा हॉटस्पॉट पुरेल. उन्हाळ्यात सासूबाई कोल्हापूरहून येतात, त्यांना गाडीत नाट्यगीतं लागतात आणि मुलांना मागच्या स्क्रीनवर कार्टून. — एक वाचक, एडिसन

उत्तर: ताई, टेस्लाचा हिशेब वेगळा आहे आणि तुमच्या बाजूचा आहे. वरच्या पत्रातल्या वाचकांचं ॲपच बंद व्हायची वेळ आलीय, तुमचं होत नाही. २० जुलै २०२२ नंतर ऑर्डर केलेल्या गाडीला पहिल्या डिलिव्हरीपासून आठ वर्षं स्टँडर्ड कनेक्टिव्हिटी किमतीतच येते. लॉक, एसी, चार्ज बघणं, मॅप, सुपरचार्जरपर्यंतचा (टेस्लाच्या जलद चार्जिंग स्टेशनपर्यंतचा) रस्ता आणि तिथे पोचेपर्यंत बॅटरी जलद चार्जिंगसाठी तयार करणं, सगळं चालू राहतं. ट्रॅफिक बघून मॅप रस्ताही बदलतो, फक्त नकाशावरच्या त्या लाल-पिवळ्या रेषा दिसत नाहीत. जातं काय, तर सॅटेलाइट नकाशा, गाडीच्या स्वतःच्या नेटवर गाणी, व्हिडिओ आणि ब्राउझर, आणि सेंट्री मोडचा, म्हणजे उभ्या गाडीवर पहारा ठेवणारा कॅमेरा लांबून लाइव्ह बघणं.

सासूबाईंच्या नाट्यगीतांना तर हॉटस्पॉटही नको. फोन ब्लूटूथने जोडा, फोनवर लावा, गाडीत वाजेल. अगदी चांगल्या क्वालिटीचं, म्हणजे ३२० केबीपीएसचं गाणं लावलं तरी तासाला साधारण १४४ एमबी डेटा जातो, त्यापेक्षा कमी क्वालिटीला त्याच्या निम्मा. कार्टूनचं मात्र तसं नाही, साध्या क्वालिटीला तासाला एक जीबीच्या आसपास धरा, मुलांनी एचडी लावलं की त्याच्या दुपटी-तिपटीला जातं. तुमच्या फोनच्या प्लॅनमध्ये हॉटस्पॉटला किती जीबी फुल स्पीडने देतात ते बघा, अनलिमिटेड लिहिलेलं असतं तरी हॉटस्पॉटला बहुतेकदा मर्यादा असते. आणि गाडीच्या वायफाय सेटिंगमध्ये तुमच्या हॉटस्पॉटच्या नावाखाली "रिमेन कनेक्टेड इन ड्राइव्ह" असा एक पर्याय आहे, त्यावर टिचकी मारायची, ते राहिलं की गाडी गिअरमध्ये टाकल्याबरोबर वायफाय सुटतं आणि लोक म्हणतात हॉटस्पॉट चालतच नाही.

वर्षाचे ९९ डॉलर आहेत, महिन्यामहिन्याने भरले तर ११९.८८ होतात, म्हणजे वर्षभर वापरणार असाल तर एकरकमी. पण मला वाटतं तुम्ही सासूबाई आणि मुलांच्या सुट्टीपुरतं दोन महिने घ्या आणि मग रद्द करा, महिन्याचं कधीही बंद करता येतं. साहेब रोज ट्रेन स्टेशनबाहेर रस्त्यावर गाडी लावून जात असतील आणि दिवसातून एकदा कॅमेरा उघडून बघायची त्यांना सवय असेल, तर मग वर्षाचं घ्यायला हरकत नाही, त्या एका सोयीसाठी मी पैसे देईन.

प्रश्न: गाडीतलं सिम काढून माझं स्वस्तातलं सिम टाकता येईल का? — एक वाचक, नांदेड

उत्तर: नाही. ते बहुतेक ई-सिम असतं, बोर्डावरच बसवलेलं, आणि यंत्रांसाठीच्या खास प्रकारचं असतं ज्याला आपल्याकडे १३ आकडी नंबर देतात. ते फक्त कंपनीच्या सर्व्हरशी बोलायला असतं. कुणी गॅरेजवाला खोलून बदलून देतो म्हणाला तर देऊ नका, वॉरंटी घालवून बसाल. डॅशबोर्डला वायफायचं डोंगल ठेवून तुमचं सिम त्यात टाका, गाणी आणि मॅपपुरतं पुरतं.

प्रश्न: साताऱ्यात दोन वर्षं वापरलेली इलेक्ट्रिक गाडी घेतली. आरसी नावावर झाली पण ॲप अजून पहिल्या मालकाच्या फोनवर आहे. ते चांगले गृहस्थ आहेत, पण गाडी कुठेय ते त्यांना दिसतं असं तेच बोलता बोलता म्हणाले. नेटचं पॅक अजून वर्षभर आहे. काय करावं? — एक वाचक, सातारा

उत्तर: हे आजच करा, पॅक संपायची वाट बघू नका. ते कितीही सज्जन असोत, त्यांना दार उघडता येतं, एसी लावता येतो, तुम्ही रोज कुठे जाता ते दिसतं, आणि त्यांचा फोन हरवला तर तो ज्याच्या हाती लागेल त्यालाही. सिम वापरणारा म्हणून कंपनीकडे नोंद पहिल्या मालकाची असते, आणि गाडी विकली हे कंपनीला कळवणं ही विकणाऱ्याचीच जबाबदारी आहे. आरटीओत नाव बदललं म्हणून हे आपोआप बदलत नाही.

त्यांना शांतपणे फोन करा, ॲपमधून गाडी काढून टाका म्हणावं, म्हणजे "रिमूव्ह व्हेइकल" वगैरे जे असेल ते, नुसतं ॲप फोनमधून डिलीट करून काही होत नाही. मग नवी आरसी आणि तुमचं ओळखपत्र घेऊन सर्व्हिस सेंटरला जा, मालक बदलून घ्या, उरलेलं वर्षभराचं पॅक तुमच्याकडे येतं का ते तिथेच विचारा आणि येत नाही म्हणाले तर कारण लिहून मागा. घरी आल्यावर गाडीच्या स्क्रीनवर फॅक्टरी रिसेट मारा, त्यात त्यांचे कॉन्टॅक्ट, घराचा पत्ता, जोडलेले फोन राहिलेले असतात. नंतर तुमच्या ॲपमधून एकदा दार लॉक करून बघा, आणि त्यांना त्यांच्या फोनवर गाडी दिसत नाही ना ते विचारून खात्री करा.