कोचिंग नाही, घरीच नीट: ताई, तास मोजू नका, चुकांची वही बघा

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेकीची बारावी झाली, नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, पहिल्या प्रयत्नात 720 पैकी 412 आले, आता तिला एक वर्ष ड्रॉप घेऊन घरीच अभ्यास करायचाय, तिचे बाबा म्हणतात लातूरला क्लासला टाकू पण फी आणि होस्टेल दोन्ही झेपणारं नाहीये, त्यावरून घरात रोज बोलाचाली. आणि तुमचा खरा प्रश्न शेवटच्या ओळीत आहे, "मला सायन्समधलं काही कळत नाही, ती दार लावून बसते तेव्हा अभ्यास होतोय की नाही हे मी कसं ओळखू?"

आधी सरळ उत्तर. घरी बसून नीट निघते. सिलॅबस सगळ्यांना तोच, एनसीईआरटीची पुस्तकं आणि त्यांचं एक्झेम्प्लर, म्हणजे सरावाच्या प्रश्नांचं पुस्तक, फुकट पीडीएफमध्ये मिळतं, केंद्र सरकारचं आयआयटी कानपूरसोबत केलेलं 'साथी' पोर्टल आहे त्यावरही फुकट लेक्चर आणि टेस्ट आहेत. म्हणजे शिकवणारं कमी नाहीये. क्लासमध्ये जी एक गोष्ट आपोआप होते आणि घरी होत नाही ती वेगळीच, दर आठवड्याला पेपर होतो आणि कुणीतरी तुमच्या चुकीवर बोट ठेवतं. घरी ते बोट ठेवणारं कुणी नसतं, म्हणून मुलं तोच धडा चार वेळा वाचतात, सगळं येतंय असं वाटत राहतं आणि मेमध्ये मार्क तिथेच अडकतात. ते काम तिला स्वतः करावं लागेल, बाकी सगळं नंतर.

तिने ओएमआरची, म्हणजे गोल भरायच्या उत्तरपत्रिकेची, स्कॅन कॉपी आणि आन्सर की ताडून जो हिशोब पाठवलाय ना, त्याचं मला फार कौतुक वाटलं, बरीच मुलं मार्क बघून रडतात आणि कॉपी उघडतच नाहीत. फिजिक्स 19 बरोबर 16 चूक म्हणजे 60, केमिस्ट्री 28 बरोबर 10 चूक म्हणजे 102, बायो 65 बरोबर 10 चूक म्हणजे 250. एकूण 180 पैकी 112 बरोबर, 36 चूक, 32 सोडलेले. आता बघा, बरोबर उत्तराला 4 मिळतात आणि चुकीला 1 जातो, म्हणजे एक चूक दुरुस्त झाली की 5 मार्कांचा फरक पडतो. या 36 पैकी नुसते निम्मे, 18 प्रश्न बरोबर आले असते तर 90 मार्क वाढून ती 502 वर असती, एकही नवीन धडा न वाचता. म्हणून पहिला महिना नवीन काही नाही, या 36 चुका.

त्यासाठी एक जाड वही करायची. प्रत्येक चुकीला तीन गोष्टी लिहायच्या, मी काय टिक केलं, बरोबर काय होतं, आणि का चुकलं. "सिली मिस्टेक" हा शब्द त्या वहीत लिहायला बंदी, कारण तो लिहिला की शोध तिथेच थांबतो. तिने पाठवलेल्या दोनच चुका घेतो. पेशी विभागताना क्रोमोसोम आपसात तुकडे बदलतात, ते क्रॉसिंग ओव्हर कुठल्या स्टेजला होतं, तिने डिप्लोटीन केलं. लेप्टोटीन, झायगोटीन, पॅकिटीन सगळी नावं तिला ओळीने पाठ आहेत, मग चुकलं का? कारण कायझ्माटा, म्हणजे त्या अदलाबदलीच्या जागी दिसणाऱ्या फुल्या, डिप्लोटीनमध्ये दिसतात हे तिने वाचलं होतं आणि दिसतं तिथेच घडतं असं डोक्यात बसलं, घडतं मात्र आधीच, पॅकिटीनमध्ये. ही वाचण्यातली चूक, एनसीईआरटीचं ते पान पेन्सिल घेऊन ओळ न् ओळ वाचलं की सुटते. दुसरी फिजिक्सची, तार ओढून लांबी दुप्पट केली तर रेझिस्टन्स किती पट, तिने 2 पट केलं. लांबी दुप्पट झाली की तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ निम्मं होतं, कारण मटेरियल तेवढंच आहे, म्हणून 4 पट. ही चूक पुन्हा वाचून सुटणार नाही, तिथे कागदावर गणित मांडायची सवय लागते, रोज 30-40 प्रश्न हाताने सोडवायचे, सोल्युशनचा व्हिडिओ आधी बघायचा नाही. फिजिक्सलाच तिचे सगळ्यात जास्त गेलेत, तर सकाळचं ताजं डोकं फिजिक्सला द्या, बायो दुपारी.

अकरावी विसरू नका बरं का, ड्रॉपवाले बारावीच घोकत बसतात आणि नीटला दोन्ही वर्षांचं येतं. तिने बोर्डाला बालभारतीची पुस्तकं वापरलीत, ती वाईट नाहीत, पण बायोला आणि इनऑरगॅनिक केमिस्ट्रीला एनसीईआरटीचीच वाक्यं लागतात.

टेस्ट दर रविवारी दुपारी 2 ते 5, खऱ्या परीक्षेच्याच वेळेला, छापील ओएमआरवर बॉलपेनने. 2025 पासून जादा प्रश्नांतून निवडून सोडवायची सोय गेली, 180 प्रश्न 180 मिनिटं, त्यामुळे गोल भरायचा वेळही त्यातच बसवावा लागतो आणि मोबाईलवर टेस्ट देऊन ते कधीच कळत नाही. तेवढे तीन तास तिचा फोन तुमच्याकडे. सोमवारी नवीन वाचन नाही, फक्त वही.

आता तुमचं काम, ताई. आज किती तास झाले, किती धडे झाले हे विचारू नका, मुलं तास दाखवायला शिकतात. रात्री जेवण झालं की वही घेऊन शेजारी बसा आणि म्हणा, आजची एक चूक मला समजावून सांग. तुम्हाला सायन्स येत नाही हे इथे उलट चांगलं आहे, तिला साध्या मराठीत सांगावं लागेल, आणि सांगताना अडखळली की कुठे कच्चं आहे ते तिचं तिलाच कळेल. वही दोन आठवडे कोरी राहिली तर समजा की दाराआड काही नीट चाललेलं नाही, तेव्हा ओरडू नका, काय अडलंय ते विचारा, बऱ्याचदा भीती असते.

नेटवर "इतके मार्क आले की सरकारी पक्कं" असं वाचून आकडा धरून बसू नका. 2024 ला पैकीच्या पैकी 720 घेणारे अनेक होते आणि 2025 ला देशात पहिल्या आलेल्याला 686 होते, पेपर बदलला की सगळंच हलतं, शेवटी रँक बघतात. महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजच्या 85 टक्के जागा राज्य कोट्यात असतात, डोमिसाईल आणि जातीचा दाखला लागणार असेल तर ते आत्ताच काढून ठेवा, जुलैत धावपळ नको. फार्मसीसारखा दुसरा रस्ता उघडा राहावा म्हणून राज्याच्या एमएचटी-सीईटीचा पीसीबी (फिजिक्स-केमिस्ट्री-बायो) फॉर्मही भरून ठेवा.

तिच्या बाबांना माझा निरोप द्या, आठ रविवार द्या फक्त. आठ टेस्टचे मार्क एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा, फिजिक्समधल्या चुका 16 वरून खाली येत असतील तर मुलगी घरीच राहू द्या. तशाच राहिल्या तर सगळा क्लास लावायची गरज नाही, जवळपास फिजिक्सचा एखादा शिकवणारा शोधा, नाहीतर ज्युनिअर कॉलेजच्या सरांना शनिवारी तासभर मागा, शंकांची यादी घेऊन जाणाऱ्या मुलाला सर सहसा नाही म्हणत नाहीत. नवव्या आठवड्यात तो कागद मला पाठवा, त्यावरून पुढचं ठरवू.