पाण्याला तासाचा दर लावला, आणि शेजारी दुरावला

(वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : ताई, नमस्कार. सिन्नर तालुक्यात माझी साडेचार एकर शेती आहे. विहिरीला मार्चपर्यंत पाणी टिकतं. बांधाला बांध लागून आप्पांचं शेत आहे, त्यांची विहीर जानेवारीतच तळ गाठते. वीसेक वर्षं त्यांचा उन्हाळ कांदा शेवटच्या दोन-तीन पाण्यांना आमच्या विहिरीवर निघायचा. पैशाचा विषय कधी निघाला नाही. आमच्या लागणीला त्यांच्या घरची चार माणसं यायची. आमचा एक बैल ऐन मोसमात गेला, तेव्हा आमची पेरणी त्यांच्या जोडीनं झाली. यंदा मुलगा कंपनीतली नोकरी सोडून घरी आला. कर्ज काढून त्यानं विहिरीत आडवे बोअर मारले, मोटार बदलली आणि आप्पांना तासाला शंभर रुपये सांगितले. आप्पांनी एका शब्दानंही घासाघीस केली नाही, पैसे दिले. पण लागणीला त्यांच्या घरचं कुणी आलं नाही. संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायचे, तेही बंद झालं. मुलगा म्हणतो, ‘दर वाजवी आहे, फसवणूक कुणाची नाही, मग राग कशाचा?’ मला उत्तर देता येत नाही.

उत्तर : भाऊ, मुलाचा प्रश्न उडवून लावू नका. कर्ज त्याच्या डोक्यावर आहे, हप्ता त्यालाच भरायचा आहे. शंभर रुपये मागितले यात त्यानं पाप केलेलं नाही. पण आप्पांचं काहीतरी गेलं आहे, आणि काय गेलं ते सांगण्यासाठी मला माझ्या माहेरच्या स्वयंपाकघरात जावं लागेल.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. कांद्याची लागण सावडीवर व्हायची. आज आपल्या वाफ्यात दहा बायका, उद्या त्यांच्यातल्या एकीच्या वाफ्यात आपण. आई चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढायची. प्रत्येक घराची एक ओळ. डावीकडे आपण त्यांच्याकडे गेलेले दिवस, उजवीकडे ते आपल्याकडे आलेले. मी तेव्हा आठवीत होते. एका घराच्या दोन्ही बाजूंना सात-सात रेघा झालेल्या दिसल्या. शाळेत बाकी शून्य आली की गणित संपतं, म्हणून मी ओल्या फडक्यानं ती ओळ पुसून टाकली. आई शेतातून आली आणि भिंतीकडे बघून इतकी चिडली की मला कळेना काय झालं. ‘बरोबर झालं म्हणून पुसतात होय गं? आता कोणत्या तोंडानं बोलावू तिला?’ दुसऱ्या दिवशी आमच्याच शेतात काम पडलेलं असताना ती त्या घरी लागणीला गेली आणि संध्याकाळी भिंतीवर डाव्या बाजूला एक नवी रेघ ओढली.

पुढे चौतीस वर्षं मी तालुक्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. त्या रेघेइतकी नेमकी गोष्ट मला फळ्यावर कधी मांडता आली नाही. जुन्या काळी माणसं हिशेब ठेवत नव्हती, हे खोटं आहे. बारीक हिशेब ठेवायची. फक्त तो मिटवायची नाहीत. थोडं देणं, थोडं येणं बाकी असायचं, म्हणून एकमेकांच्या दारात जायला कारण असायचं. आप्पांच्या आणि तुमच्या ओळीत वीस वर्षांच्या रेघा होत्या. तुमच्या मुलानं तासाला शंभर रुपये सांगितले आणि आप्पांनी ते मोजून दिले, त्या दिवशी ती ओळ पुसली गेली. आता ते तुमचं काही देणं लागत नाहीत. मग लागणीला कशाला येतील? आणि ओट्यावर तरी कशाला? त्यांना राग आला असेलच असं नाही, त्यांनी तुमच्या मुलाचं म्हणणं तंतोतंत मान्य केलं आहे.

इस्राएलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरांत दोन अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता, तो मी दरवर्षी वर्गात सांगायचे. आईबाप मुलांना न्यायला उशिरा येत. दहापैकी सहा पाळणाघरांनी उशिराबद्दल दहा शेकेल दंड लावला. उशीर कमी व्हायला हवा होता, तो वाढत वाढत जवळजवळ दुप्पट झाला. आधी उशीर झाला की बाईंसमोर ओशाळं व्हायला होई. दंड आल्यावर तो ओशाळेपणा दहा शेकेलना विकत घेता येऊ लागला. माझ्या मते खरी गोष्ट पुढची आहे. काही आठवड्यांनी दंड रद्द केला, तरी उशीर पहिल्यासारखा कमी झाला नाही, वाढलेलाच राहिला. एकदा भाव कळला की तो विसरता येत नाही. म्हणून भाऊ, ‘आप्पा, जाऊ द्या, पुन्हा फुकट घ्या’ असं जाऊन सांगू नका. ते आता त्यांना भीक वाटेल.

जुनं सगळं गोड होतं असंही माझ्याकडून ऐकू नका. न मिटणारा हिशेब बरोबरीच्या माणसांत गोड लागतो. गावात बलुतं होतं, तोही असाच न मिटणारा हिशेब होता. वर्षभर राबायचं आणि सुगीला खळ्यावर जाऊन मालक देईल तेवढं पदरात घ्यायचं. खालच्या मानलेल्या माणसाला त्यातून उठून जाता येत नसे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाबद्दल, म्हणजे गावकामाच्या बदल्यात पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या हक्काबद्दल आणि बंधनाबद्दल, विधेयक आणलं ते याच बांधिलकीच्या विरोधात, आणि कनिष्ठ गावकामगार वतनं कायद्यानं रद्द व्हायला १९५८ साल उजाडलं. १९७२ च्या दुष्काळात आई आणि मी दुष्काळी कामावर खडी उचलायला जात होतो. बागायतदार घरच्या बायका आणि वस्तीवरच्या बायका एकाच रांगेत पाट्या वाहत होत्या. पगाराच्या दिवशी वस्तीवरची एक मावशी नोटा पुन्हा पुन्हा मोजत आईला म्हणाली, ‘बाई, कुणाच्या दारात उभं न राहता आलेला हा पहिला पैसा.’ तिच्या मुठीतला तो पैसा मी विसरलेले नाही. म्हणून रोख मजुरीला, बाजाराला सरसकट नावं ठेवणारे लेख वाचले की मला त्रास होतो. सुटका हवी असलेल्याला पैसा सोडवतो. पण तुम्हाला आणि आप्पांना एकमेकांपासून सुटका कुठे हवी होती?

मुलाला आणखी एक गोष्ट दाखवा. पाणी तासावर विकायला लागलं की जास्त तास विकावेसे वाटतात. यंदा आप्पा, पुढच्या वर्षी पलीकडचे दोघे. विहिरीतलं पाणी मात्र दोन्ही बांधांखालच्या एकाच खडकातून येतं. तुमचे आडवे बोअर आप्पांच्या झऱ्यापर्यंत पोचले असतील, तर तो त्यांचंच पाणी त्यांना विकतो आहे. हे गणित त्याला जमेल, कंपनीत काम केलेला मुलगा आहे.

मग करायचं काय? पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी फुकट नव्हतं, विकतही नव्हतं. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं, भूमिहीनालाही हक्क, ऊस लावायचा नाही, आणि योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी आधी भरायचा. कोणाचं पाणी कधी, हे पाटकरी, म्हणजे पाणी वाटून देणारा माणूस, बघायचा. सगळं मोजून-मापून, तरीही दुकान नाही. तुम्हा दोघांपुरतं असंच बसवता येईल. तासाचा दर काढून टाका. मोटारीची दुरुस्ती, पाइप, बोअरचं कर्ज हे सगळं वहीवर मांडा आणि आप्पांना हिश्शात घ्या, पैशानं किंवा माणसांच्या दिवसांनी, त्यांना झेपेल तसं. पाळ्या दोघांनी मिळून ठरवा. मार्चमध्ये पाणी कमी पडलं तर दोघांचंही कमी पडू द्या.

पण त्याआधी एक काम तुमचं, मुलाचं नाही. आप्पांकडे काहीतरी मागायला जा. द्यायला जाऊ नका, मागायला जा. खरोखर लागेल असं काही असू द्या : कांद्याचं रोप कमी पडलं असेल, रात्रीच्या पाळीला दारं धरायला माणूस हवा असेल. त्यांनी दिलं की लगेच परतफेड करू नका. थोडे दिवस त्यांच्या देण्यात राहा.

प्रश्न : मी सोलापूरला बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वादस्पर्धेचा विषय आहे : ‘बाजार माणसाला स्वार्थी बनवतो’. मला बाजूनं बोलायचं आहे. मुद्दे सुचवाल का?

उत्तर : बेटा, वरचं उत्तर वाच, बाजूचे मुद्दे त्यात सापडतील. मी तुला विरुद्ध बाजूचा सगळ्यात भारी मुद्दा देते, कारण तो समोरून येणार आहे. काही मानववंशशास्त्रज्ञ आणि अर्थशास्त्रज्ञांनी जगभरातल्या १५ लहान समाजांत एक खेळ खेळवला आणि २००१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकाला पैसे द्यायचे, त्यानं दुसऱ्या अनोळखी माणसाला किती देणार ते सांगायचं. दुसऱ्यानं नाकारलं तर दोघांनाही काही नाही. पेरूच्या जंगलात कुटुंबापुरतं जगणारे माचिग्वेंगा लोक सरासरी चौथ्या हिश्शाच्या आसपास देऊ करत. इंडोनेशियातल्या लामालेरा गावचे, होड्यांतून एकत्र देवमासा मारणारे लोक निम्म्याहूनही जास्त देत. आणि एकूण पाहिलं तर ज्या समाजांचा बाजाराशी संबंध जास्त, एकत्र कामाची सवय जास्त, ते अनोळखी माणसाशी जास्त बरोबरीनं वागले. याचा अर्थ तू नीट लाव. बाजारात रोज अनोळखी माणसाशी गाठ पडते, आणि त्याच्याशी न्यायानं वागायची सवय तिथे लागू शकते.

‘लागू शकते’ हा शब्द धरून ठेव, तुझी बाजू त्यातच आहे. ती सवय आपोआप लागत नाही, नियम आणि संघटना करून लावावी लागते. सुट्टीत लासलगावला जाऊन कांद्याचा लिलाव बघ. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रांगेत उभ्या असतात, व्यापारी कांदा हातात घेऊन दाबून बघतो आणि भाव सगळ्यांसमोर मोठ्यानं पुकारला जातो. हमाल-मापाड्यांच्या मजुरीमागे १९६९ चा माथाडी कायदा आहे, आणि त्यामागे ओझं वाहणाऱ्यांनी केलेली संघटना आहे. फळं-भाजीपाल्याची अडत, म्हणजे दलालाचं कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची, हे महाराष्ट्रात २०१६ साली ठरलं. तोवर ती पिकवणाऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीतून, कापली जाई. माझ्या वडिलांच्या पट्ट्या मी अजून जपून ठेवल्या आहेत : वर भाव, खाली हमाली, तोलाई, अडत, आणि तळाला उरलेला आकडा. तुझ्या घरी किंवा मामाकडे अशी जुनी पट्टी असेल तर ती घेऊन जा आणि भाषणात वरून खाली वाचून दाखव.