पीयूसीत गाडी नापास झाली, मेकॅनिक कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदला म्हणतो. खरंच बदलावा लागेल का?

आत्ता तरी कन्व्हर्टर (सायलेन्सर लाइनमधला, विषारी धूर जाळून साफ करणारा डबा) बदलू नका. उत्तर तुम्हीच प्रश्नात लिहिलेल्या आकड्यांत आहे. तुमच्या पावतीवर आयडलला (रेस न देता) सीओ ०.९२ टक्के आणि एचसी २६० पीपीएम आहे, पण २५०० आरपीएमला सीओ ०.१४ आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ म्हणजे अचूक) १.०१ आहे. कन्व्हर्टर मेलेला असता तर २५००लाही सीओ वरच राहिला असता. तिथे तो सीओ व्यवस्थित जाळतोय, म्हणजे जिवंत आहे. आयडलला हवा-पेट्रोलचं मिश्रण बिघडवणारं काहीतरी वेगळंच आहे, आणि ते शोधायला कन्व्हर्टरच्या किमतीच्या मानाने फारच थोडा खर्च येईल.

माझं रत्नागिरीच्या बाजूला गॅरेज आहे. २०१३ची पेट्रोल गाडी, मुंबईहून सेकंडहँड घेतलेली, एमएच-०२ची, गुहागरला घराशेजारी उभी असते, बाजारापुरती चालते, अ‍ॅव्हरेज थोडं उतरलंय पण पिकअप ठीक: तुम्ही वर्णन केलीय तशा गाड्या आमच्याकडे पावसाळा संपला की हमखास येतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शेजाऱ्यांच्या गाडीचं. त्यांची त्याच वर्षाची एमएच-०८ गाडी सीओ ०.४ असून पास कशी झाली, असं तुम्ही विचारलंय. यात पीयूसीवाल्याने काही गडबड केलेली नसावी. एप्रिल २०१० पासून मुंबई-पुण्यासह १३ शहरांत नव्या गाड्यांना बीएस-४ (गाडीच्या धुराचा सरकारी नॉर्म) लागू झालं, पण देशभर सक्ती झाली ती १ एप्रिल २०१७ला. त्यामुळे २०१३ला रत्नागिरीत पासिंग झालेली गाडी बीएस-३ असू शकते, तुमची मुंबईची मात्र बीएस-४ आहे. बीएस-३ला आयडलवर सीओ ०.५ टक्के आणि एचसी ७५० पीपीएमपर्यंत चालतं. बीएस-४ला सीओ ०.३ आणि एचसी २००च्या आत हवं, शिवाय २५०० आरपीएमच्या आसपास सीओ ०.२च्या आत आणि लॅम्डा ०.९७ ते १.०३ हवा. आरसीवर किंवा वाहन पोर्टलवर तुमच्या गाडीचा नॉर्म एकदा बघून ठेवा, मग पावतीवर कुठली मर्यादा छापलीय ते ताडून पाहता येईल.

आता हे आकडे काय सांगतात ते बघू. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) म्हणजे अर्धवट जळलेलं पेट्रोल. हवा कमी पडली, पेट्रोल जास्त झालं की सीओ चढतो. एचसी (हायड्रोकार्बन) म्हणजे न जळताच बाहेर आलेलं पेट्रोल. प्लग किंवा कॉईल मिसिंग मारत असेल तर एचसी कित्येक शेकड्यांनी उडतो आणि आयडलला गाडी थरथरते. तुमचा एचसी मर्यादेच्या थोडाच वर आहे आणि गाडी थरथरत नाही, त्यामुळे प्लग-कॉईल माझ्या यादीत खाली जातात. राहतो तो प्रश्न एवढाच: आयडलला पेट्रोल जास्त का पडतंय आणि रेस दिल्यावर ते आपोआप का सुधारतंय?

पहिला संशय सायलेन्सर लाइनमधल्या गळतीवर, आणि तीही पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या) अलीकडच्या, म्हणजे इंजिनाकडच्या, किंवा अगदी लगतच्या जोडावर. देशावरच्या मेकॅनिकला हे चटकन सुचत नाही, कारण तिथे पाईप इतक्या लवकर सडत नाहीत. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि बाराही महिने खारी हवा. वर गाडी आठवडाभर उभी राहून मग दोन किलोमीटर चालली, की पाईप पुरता तापतही नाही आणि आत साचलेलं पाणी तसंच राहतं. गंज बाहेरूनही लागतो आणि आतूनही.

गळती असली की धूर बाहेर जाणार, मग सीओ का वाढावा, असं वाटणं साहजिक आहे. आयडलला धूर सलग वाहत नाही, एकेका सिलिंडरचा झोत सुटा सुटा येतो. दोन झोतांच्या मध्ये पाईपातला दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. ती सगळ्या धुरात नीट मिसळत नाही, सेन्सरच्या अंगावरून जाते. सेन्सरला वाटतं ऑक्सिजन भरपूर आहे, मिश्रण पातळ आहे. तो ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) तसं कळवतो आणि ईसीयू पेट्रोल वाढवतो. फटीतून हवा येतच राहते, ईसीयू वाढवतच राहतो. २५००ला झोत इतके जवळ जवळ येतात की आत ओढायला उसंतच राहत नाही. सेन्सर खरं बोलायला लागतो, सीओ खाली येतो. तुमच्या पावतीवर नेमकं हेच दिसतंय.

शोधायचं कसं? सकाळी इंजिन थंड असताना गाडी उघड्यावर घ्या, हँडब्रेक लावा, न्यूट्रलला चालू करा. एकाने जाड ओलं फडकं घडी करून टेलपाईपच्या तोंडाशी काही सेकंद दाबून धरायचं, दुसऱ्याने बॉनेट उघडून मॅनिफोल्डपाशी (सगळ्या सिलिंडरचा धूर एकत्र आणणाऱ्या, इंजिनाला लागलेल्या पाईपापाशी) कान द्यायचा. जोड धड असेल तर इंजिनाचा आवाज दबतो. फट असेल तर तिथून पुकपुक असा कोरडा आवाज येतो. मग साबणाचं पाणी ब्रशने त्या जोडावर लावा, बुडबुडे उठतील. हे इंजिन तापायच्या आत उरका, नाहीतर हात भाजेल. टॉर्च घेऊन डोळ्यांनीही बघा: गळक्या फ्लँजच्या (पाईपांच्या बोल्ट लावलेल्या जोडाच्या) कडेला काळी काजळी पिसासारखी पसरलेली दिसते, आणि बाकी सगळा पाईप तांबूस असल्याने ती लगेच नजरेत भरते. स्टड बघा. गंजाने त्यांची आटी खाल्लेली असते, नट घट्ट दिसतो पण पाना लावला की स्टडच तुटून हातात येतो. हीट शील्डखालची चीर मात्र शील्ड काढल्याशिवाय दिसत नाही, आणि ती काढायचा कंटाळा करणारे पुष्कळ आहेत. तुम्ही समोर उभे राहून काढायला लावा. काही गाड्यांत सेन्सर मॅनिफोल्डवरच असतो, काहींत खाली पाईपवर. तो खाली असेल तर मधल्या फ्लँजची गॅस्केट पहिली संशयित. बहुतेक वेळा गॅस्केट, दोन-तीन स्टड आणि थोडं वेल्डिंग एवढ्यात काम होतं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. गळती सापडली तर पीयूसीची मुदत कितीही लांब असू दे, ती तशीच ठेवू नका. कन्व्हर्टरच्या अलीकडे सुटणाऱ्या धुरात कच्चा, विषारी सीओ असतो, त्याला ना वास ना रंग. पावसात काचा बंद करून ब्लोअर लावून तुम्ही ट्रॅफिकमध्ये थांबलात तर तो आत खेचला जाऊ शकतो. पडवीला लागून शेड असेल तर तिथे गाडी चालू ठेवून तापवत बसू नका. घरात म्हातारी माणसं आणि मुलं असतात.

दुसरा संशय त्याच सेन्सरच्या हीटरवर. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरला बहुधा चार वायरी असतात, त्यांतल्या एकाच रंगाच्या दोन हीटरच्या. सेन्सर पुरेसा तापला तरच बोलतो, आणि आयडलचा धूर त्याला एकट्याने तापवायला कमी पडतो. हीटर बंद पडला की आयडलला सेन्सर गप्प होतो आणि ईसीयू अंदाजाने, जरा जास्तच पेट्रोल सोडतो. रेस दिली की धुरानेच सेन्सर तापतो आणि सगळं ताळ्यावर येतं. हेही तुमच्या आकड्यांशी जुळतं. म्हणून सेन्सर विकत घेण्याआधी त्याचा कनेक्टर उघडा. आपल्याकडे पिना हिरव्या पडलेल्या सापडतात, कधी उंदराने वायर कुरतडलेली असते. फ्यूज बघा. मल्टिमीटरने हीटरच्या दोन वायरींमध्ये रेझिस्टन्स मोजा, काही ओहम दाखवला तर हीटर शाबूत, अनंत दाखवला तर गेला. गाडी २०२१च्या चिपळूणच्या पुरात किंवा मुंबईत कुठे पाण्यात उभी होती का, हे आधीच्या मालकाला विचारता आलं तर जरूर विचारा. पाणी शिरलेले कनेक्टर वर्षांनंतरही त्रास देतात.

या दोन्हींत निवाडा करायला गाडीच्या ईसीयूतली माहिती वाचणारा स्कॅनर हवा. मोबाईलला ब्लूटूथने जोडायचा साधा ओबीडी स्कॅनर स्वस्तात मिळतो, गॅरेजवाल्याकडेही असतो. तुमची गाडी २०१३ची आहे, तिला हा स्कॅनर चालायला हरकत नाही. एरर कोड वाचाच, पी०१३५ म्हणजे पुढच्या सेन्सरच्या हीटरचं सर्किट. पण माझ्या मते कोडपेक्षा मोलाचा आकडा लाँग टर्म फ्युएल ट्रिमचा. ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा घटवतोय ते यावरून कळतं. इंजिन पूर्ण तापवून आयडलला बघा.

ट्रिम अधिक पंधरा-वीसच्या घरात आणि तरी सीओ जास्त, याचा अर्थ ईसीयूला कोणीतरी फसवतंय: गळती किंवा खोटं बोलणारा सेन्सर. ट्रिम उणे पंधरा-वीस आणि सीओ जास्त, तर पेट्रोल खरंच कुठूनतरी जास्त येतंय आणि ईसीयू ते कमी करता करता थकलाय. तेव्हा टपकणारा इंजेक्टर, फ्युएल प्रेशर, उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा), मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) हे तपासायचे. ट्रिम शून्याच्या आसपास, सेन्सरचा आकडा नीट वरखाली नाचतोय, आयडल आणि २५०० दोन्हींवर सीओ जास्त आणि लॅम्डा मात्र एकच्या जवळ, असं असेल तेव्हाच कन्व्हर्टरकडे बोट दाखवावं. जोडीला पी०४२० (कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड) असेल तर संशय पक्का. तेव्हाही तो कशाने मेला ते आधी शोधावं लागतं. ऑइल जाळणाऱ्या किंवा मिसिंग मारणाऱ्या इंजिनावर नवा कन्व्हर्टर बसवला तर तोही तसाच जाईल.

ट्रिम बघता बघता त्याच स्क्रीनवर कूलंटचं तापमानही बघून घ्या. आपल्याकडे ‘इथे उकाडाच इतका, थर्मोस्टॅट कशाला हवा’ म्हणून तो (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकणारे मेकॅनिक अजून आहेत. मग इंजिन कधी नीट तापतच नाही, ईसीयू त्याला थंड समजून पेट्रोल वाढवत राहतो. अर्धा तास चालवूनही तापमान ८०च्या वर चढत नसेल तर थर्मोस्टॅट बसवून घ्या. तेवढ्यानेही काही गाड्या पास होतात.

बाकी किरकोळ. एअर फिल्टर काढून उजेडात धरा, जांभ्याच्या लाल धुळीने भरला असेल तर बदला. बाजारापुरत्या फेऱ्यांनी ऑइलमध्ये पेट्रोल मिसळतं आणि त्याची वाफ पुन्हा इंजिनात जाऊन सीओ वाढवते, तेव्हा डिपस्टिक हुंगा, पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदला. पेट्रोलमध्ये टाकायच्या बाटल्यांनी गंजलेली गॅस्केट बुजत नाही, त्यावर पैसे घालवू नका. कन्व्हर्टर काढून सरळ पाईप घालणं किंवा ओळखीने गाडी न नेता पीयूसी काढणं, हे दोन्ही सल्ले तुम्हाला मिळतीलच. दोन्ही बेकायदा आहेत, आणि विषारी धूर आपल्याच वाडीत सुटत राहतो.

दुरुस्ती झाली की फेरतपासणीला जाताना गाडी शृंगारतळीपर्यंत तरी नेऊन आणा, जरा वरच्या आरपीएमला, म्हणजे कन्व्हर्टर पुरता तापेल. केंद्रावर रांग असेल तर इंजिन बंद करून अर्धा तास उभे राहू नका, कन्व्हर्टर भराभर थंड होतो. नंबर येण्याआधी दोन-तीन मिनिटं २५००च्या आसपास रेस धरा. एसी, दिवे बंद. मशीनची नळी टेलपाईपात नीट आतपर्यंत, निदान फूटभर, गेलीय का बघा. मशीनच्या स्क्रीनवर सीओ२ आणि ऑक्सिजनही दिसत असेल तर त्याचा फोटो काढून घ्या. धड जळणाऱ्या इंजिनाचा सीओ२ १४-१५ टक्क्यांच्या आसपास असतो. तो बराच कमी आणि ऑक्सिजन जास्त दिसला तर मागच्या सायलेन्सरला भोक आहे, किंवा नळीच नीट बसलेली नाही.

फडक्याची चाचणी करून आवाज कुठून आला ते, आणि आयडलला व २५००ला लाँग टर्म ट्रिम किती दिसला ते इथे लिहा. पुढचं त्यावरून सांगतो.