‘निर्घृण’मधली घृणा कोणती?

प्रश्न असा आहे: घृणा म्हणजे किळस, तिटकारा. मग ‘निर्घृण हत्या’ म्हणजे मनात तिटकारा नसताना केलेली हत्या, असा उलटाच अर्थ होत नाही का? आणि ‘क्रूर’ असताना हा शब्द हवाच कशाला?

शब्द अगदी बरोबर आहे. घोटाळा होतो तो ‘घृणा’चा एकच अर्थ आपल्याकडे उरल्यामुळे. संस्कृतात घृणा म्हणजे दयासुद्धा. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात करुणेचे पर्याय ओळीने येतात, ‘कारुण्यं करुणा घृणा कृपा दयानुकम्पा’. आणि पुढे अनेकार्थी शब्दांच्या वर्गात ‘जुगुप्साकरुणे घृणे’ म्हणून किळस आणि करुणा हे दोन्ही अर्थ एकत्र नोंदवले आहेत. मराठीत सुट्या ‘घृणे’तली करुणा गेली, ‘निर्घृण’मधली मात्र टिकली. ज्याच्यापाशी दयामाया नाही तो निर्घृण. मुळात या शब्दकुळात ऊब आहे: घृणि म्हणजे सूर्यकिरण, आणि ज्यापासून आपला ‘घाम’ आला तो घर्मही याच कुळातला. उबेपासून जिव्हाळा आणि जिव्हाळ्यापासून दया, हा प्रवास मला तरी सहज पटतो.

जुन्या वापरातली दोन उदाहरणे मला फार आवडतात. वेदान्ताचा मूळ ग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांत (२.१.३४) शंका अशी आहे की, जगात कोणी सुखी, कोणी दुःखी, मग ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का? तिथे शब्द आहेत ‘वैषम्यनैर्घृण्ये’. (उत्तर: नाही, कारण तो जीवांच्या कर्मांनुसार फळ देतो.) दुसरे उदाहरण अगदी वेगळे. कालिदासाच्या ‘शाकुंतल’ नाटकाच्या तिसऱ्या अंकात शकुंतला कमळाच्या पानावर नखांनी दुष्यंताला पत्र लिहिते. तुझ्या मनातले मला ठाऊक नाही, माझे अंग मात्र रात्रंदिवस तापते आहे, असे सांगताना ती त्याला प्राकृतात हाक मारते ‘णिग्घिण’, म्हणजेच ‘हे निर्घृणा’! आज मराठीत कुणी प्रियकराला निर्घृण म्हणणार नाही. तिथे आपण ‘निष्ठुर’ म्हणतो. एकेकाळी लाडक्या तक्रारीत चालणारा शब्द आता रक्तपाताशिवाय दिसत नाही.

म्हणूनच फरक समजून वापरावा. ‘क्रूर’ हा स्वभाव सांगतो: क्रूर राजा, क्रूर श्वापद. वाघाला आपण क्रूर म्हणतो, निर्घृण म्हणत नाही, कारण त्याच्याकडून दयेची अपेक्षाच नसते. ‘निर्घृण’ बहुधा कृत्याला लागतो आणि ते कृत्य माणसाचे असते. जिथे दया यायला हवी होती तिथे ती आली नाही, हा ठपका त्यात आहे. हातापाया पडणाऱ्या म्हाताऱ्याला मारले, झोपलेल्या लेकराचा जीव घेतला, की तो निर्घृणपणा. माया तोडून, मागे वळून न बघता निघून जाणारा निष्ठुर. आणि रोजचा, वर्षानुवर्षांचा जाच असेल तर त्याला आपला ‘छळ’ हाच शब्द आहे. कायद्याच्या भाषेत त्याला ‘क्रूरता’ म्हणतात, पण गावातली बाई ‘माझ्या लेकीला सासरी छळतात’ असेच म्हणते.

माझे कळकळीचे म्हणणे एवढेच की बातमीतल्या प्रत्येक खुनाला ‘निर्घृण’ हे विशेषण लावू नये. सरसकट लावल्याने शब्दातला दयेच्या अभावाचा अर्थच बोथट होतो, आणि जिथे खरोखर अंगावर काटा येतो तिथे लिहायला काही उरत नाही.

लेखनाबद्दलही: ‘निघृण’ आणि ‘निर्घुण’ ही दोन्ही रूपे सर्रास दिसतात, दोन्ही चुकीची. निः + घृणा, म्हणून घ वर रफार आणि घ ला ऋकार, दोन्ही हवेत. नाम करायचे तर ‘निर्घृणपणा’ किंवा सरळ ‘क्रौर्य’. ‘नैर्घृण्य’ शास्त्रग्रंथांतच राहू द्यावे.